इतवारीच्या खड्ड्यातली हाक

माझ्या धाकट्या बहिणीला वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे सदर फार आवडतं. ती मोठ्यानं वाचून दाखवते आणि मी दर वेळी काहीतरी खुसपट काढते – बाकी कोणी पाहिलं का? त्या माणसाला ताप होता का? मग गावात चौकशी कोणी केली? मी शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे पुरावा नसेल तर माझ्या लेखी ती गोष्टच नाही. भूतखेत, करणी, अंगात येणं... मला कधी पटलं नाही, आजही पटत नाही. परवा बहीण वैतागून म्हणाली, "मग तुझं ते इतवारीचं लिही ना! त्यातलं खुसपट काढून दाखव."

तेच करायला बसले आहे.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी नागपूरला प्राचीन इतिहास घेऊन एम.ए. करत होते. आमचं घर विणकरांच्या वस्तीत, गोळीबार चौकाच्या मागच्या बाजूला. बाबा हातमागावर लुगडी विणायचे. घरात पाय ठेवायच्या आधी मागाचा खटखटाट कानावर यायचा. पोरीनं कॉलेजात जाऊन जुन्या विटा-खापरांचा अभ्यास करावा, याचं त्यांना हसू यायचं आणि कौतुकही वाटायचं.

त्या उन्हाळ्यात इतवारीच्या भर बाजारात, रस्त्याच्या मधोमध गटाराच्या पाइपसाठी खोदकाम निघालं. इतवारीचा तो रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको – दोन्ही बाजूंना कापडाची, भांड्यांची, किराण्याची दुकानं, हातगाड्या, सायकलरिक्षा, पाय ठेवायला जागा नाही. त्या गर्दीच्या खाली, माणसाच्या उंचीहून जास्त खोल गेल्यावर, मजुरांच्या कुदळीला विटा लागल्या. आपल्या आजच्या विटा नव्हेत. हातभर लांब, जाड, भाजून पार लाल झालेल्या. आणि त्या विटांच्या भिंतीला लागून भाजक्या मातीचं एक मोठं कडं.

कोणीतरी आमच्या सरांना कळवलं. सर स्कूटरवरून आले, खड्ड्यात उतरले आणि वर आले तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मोठी खटपट करून त्यांनी पाइपचं काम थोडे दिवस थांबवून घेतलं. तेवढ्यात जे सापडेल ते मोजायचं, त्याची चित्रं काढायची, फोटो घ्यायचे. मदतीला मी आणि नारायण.

नारायण माझ्या वर्गातला. नरखेडकडच्या एका खेड्यातला, घरी संत्र्याची बाग, आईवडिलांना एकुलता एक. उंच, काटकुळा, डोक्याला कायम दुपट्टा गुंडाळलेला आणि उन्हाळा सुरू झाला की लू लागू नये म्हणून खिशात कांदा! तो कांदा वर्गात खाली पडून घरंगळत सरांच्या टेबलापर्यंत गेला होता एकदा. मी त्याला थट्टेनं नारायणराव म्हणायची, तो मला सुमनबाई. त्याहून जास्त काही नव्हतं. असतं की नसतं, ते कळायला वेळच मिळाला नाही.

खोदायला आधीचेच मजूर होते. छत्तीसगढकडून कामाला आलेली फुलबासन आणि तिची नणंद या दोघी आमच्याबरोबर खाली असायच्या, टोपल्यांनी माती वर न्यायच्या. खड्ड्याला मातीतच पायऱ्या काढल्या होत्या. वर ज्या दुकानासमोर हे सगळं चाललं होतं ते एका कापडवाल्या शेठजींचं. "मेरा तो सीज़नही चला गया" असं ते दिवसातून कितीदा तरी म्हणत, पण आमच्यासाठी ओट्यावर सतरंजी घालून देत, माठ भरून ठेवत. बघ्यांची रीघ होती. कोणी काठावर फुलं वाहून जाई, कोणी उदबत्ती लावून जाई. खाली देऊळ निघालं, अशी बातमी पार सक्करदऱ्यापर्यंत गेली होती.

देऊळबिऊळ काही नव्हतं. ती विहीर होती.

मातीची भाजलेली कडी एकावर एक रचून केलेली अरुंद विहीर... जुन्या गावांच्या खोदकामात अशा विहिरी निघतात, आम्ही पुस्तकात त्यांची चित्रं पाहिली होती. सर म्हणाले, सातवाहनांच्या काळातली असावी. एरवी अशा विहिरी मातीनं गच्च भरलेल्या सापडतात. हिच्या तोंडावर मात्र एक दगडी फरशी बसवलेली होती. ती पहारीनं सरकवली तेव्हा खाली पोकळी निघाली. मे महिन्याच्या त्या भट्टीत आतून थंड हवा आली. आम्ही सगळे हसलो. सर म्हणाले, "अरे, हा तर कूलरच सापडला!"

नारायण पालथा झोपला, तोंड आत घातलं आणि गावाकडच्या पद्धतीनं ओरडला, "कोणी हाय का गा खाली?"

विहिरीत ओरडलं की आवाज घुमून परत येतो. तो आला नाही. नारायण पुन्हा ओरडला. आवाज आत गेला आणि संपला. मग त्यानं एक खडा टाकला. आम्ही कान देऊन उभे होतो. काहीच ऐकू आलं नाही.

"खाली मऊ गाळ असेल," सर म्हणाले. "आवाज शोषून घेतो तो."

मलाही ते पटलं. फुलबासन मात्र त्यानंतर विहिरीच्या बाजूला बसेना. डबा खायलासुद्धा ती आणि नणंद पायऱ्यांपाशी जाऊन बसत. नारायण मला म्हणाला, "सुमनबाई, तुम्ही काहून पाहून राहिल्या तिकडं? तुम्ही पण घाबरल्या का?"

"मी कशाला घाबरू?" मी म्हटलं. आणि खरंच घाबरले नव्हते.

ती दुपारची वेळ होती. नागपूरची मेमधली दुपार म्हणजे बाजारसुद्धा डोळे मिटून घेतो. दुकानांची शटरं अर्धी खाली आलेली, हातगाडीवाले गाड्यांखालीच आडवे झालेले. सर वर ओट्यावर शेठजींच्या शेजारी बसून डबा खात होते. खाली आम्ही चौघं. फुलबासन आणि नणंद पायऱ्यांच्या बाजूला टोपल्या भरत होत्या. मी भिंतीच्या विटांचं चित्र काढत होते – मांडीवर पाटी, दोन्ही हातांत टेप ताणून धरलेला, म्हणून पेन्सिल दातांत. नारायण विहिरीशी पालथा पडून वरच्या कड्याची माती ब्रशनं झाडत होता.

आणि वरून, शेठजींच्या दुकानाच्या बाजूनं, हाक आली.

"चिंगे, वर ये वं! सूत तुटून राहिलं!"

हे नीट सांगायला हवं. चिंगी हे माझं नाव कॉलेजात कोणाला माहीत नव्हतं. घरीही ते कोणी घेत नव्हतं. ते फक्त माझी आत्या घ्यायची. ती आमच्याकडेच राहायची, चरख्यावर बाबांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. सूत तुटलं की गाठ मारायला तिला माझी बारीक बोटं लागायची, तिला नीट दिसायचं नाही ना. म्हणून मी अंगणात खेळत असले की ती आतून ही अशीच हाक मारायची. हेच शब्द. मी दुसरी-तिसरीत असताना ती वारली.

मला भीती वाटली नाही. आश्चर्यसुद्धा वाटलं नाही, हेच मला नंतर विचित्र वाटत राहिलं. घरच्या माणसानं बोलावल्यावर आपण जसं उठतो, तशी मी उठले. टेप खाली टाकला आणि पायऱ्या चढायला लागले. माझ्यापुढे फुलबासन आणि तिची नणंदही चढत होत्या, टोपल्या तशाच टाकून.

अर्ध्यावर मला काय वाटलं कोण जाणे, मी मागं वळून पाहिलं.

नारायणनं मान वर केली होती. पण तो आमच्याकडे पाहत नव्हता, वरही पाहत नव्हता. त्यानं ब्रश बाजूला ठेवला, दोन्ही हात विहिरीच्या काठावर टेकले आणि आत वाकून पाहिलं. खेळता खेळता जेवायला बोलावलं की पोरं जशी जराशी कुरकुरत हसतात, तसं त्याचं तोंड झालं होतं. आणि तो अगदी स्पष्ट म्हणाला –

"आलो वं माय."

विहिरीत पाहून म्हणाला.

माझ्या दातांत पेन्सिल होती आणि पाय चढतच होते. मी वर पोहोचले. फुलबासन ओट्यासमोर उभी राहून इकडंतिकडं पाहत होती. "मोला कोन बलाइस?" ती विचारत होती – मला कोणी बोलावलं? नणंदही तेच विचारत होती. सर हातातला घास तसाच धरून म्हणाले, "कोणी नाही बोलावलं. का? काय झालं?"

मी सांगायला म्हणून तोंडातली पेन्सिल काढली.

मागं आवाज झाला. फार मोठा नाही. मालट्रकवरून भरलेलं पोतं खाली टाकावं, तेवढाच. आणि धुळीचा एक लोट आमच्या पायांशी आला.

खड्ड्याची पलीकडची, विहिरीकडची अख्खी बाजू खाली बसली होती.

त्यानंतरचं मी थोडक्यात सांगते, मला ते लांबवता येत नाही. बाजार जागा झाला. शेठजी अनवाणी खड्ड्यात उतरले, हातांनी माती उपसायला लागले. हातगाडीवाले, रिक्षावाले, समोरचे भांडेवाले, सगळे. फुलबासन तर वेड्यासारखी खणत होती. नारायणला बाहेर काढलं तेव्हा काही उरलं नव्हतं. तो पालथाच होता आणि त्याचे दोन्ही हात पुढं पसरलेले होते.

माती का पडली याचं कारण कळलं. त्या बाजूला मातीत कुठूनतरी पाणी झिरपत होतं, आतून ती लोण्यासारखी झाली होती आणि वरून मात्र कोरडी ठणठणीत दिसत होती. त्यात गूढ काही नाही.

नारायणला नेल्यावर मी आणि फुलबासन शेठजींच्या ओट्यावर बसून होतो. संध्याकाळ व्हायला आली होती. तिच्या नखांतून रक्त येत होतं. मी तिला विचारलं, तुला कोणी बोलावलं होतं?

"मोर दाई," ती म्हणाली. तिची आई. आईला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. आई तिला नोनी म्हणायची, म्हणजे पोरी. नोनी, घरी ये, एवढंच ऐकू आलं. नणंदेला तिच्या वडिलांचा आवाज आला होता, तेही नव्हते आता. एका खड्ड्यात, एकाच क्षणी, आम्हा तिघींना तीन वेगळी माणसं बोलावून गेली होती, आणि ओट्यावर बसलेल्या सरांना, शेठजींना काहीच ऐकू आलं नव्हतं.

"तू काय उत्तर दिलंस?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही भलतंच विचारलं होतं. मग मला कळावं म्हणून हिंदीत म्हणाली, "दीदी, हमारे गाँव में पहली आवाज़ पे ओ नहीं देते. मना है. चुपचाप उठके जाते हैं, कौन है देखते हैं." आणि पुन्हा आपल्या बोलीत म्हणाली, "बाबू ह ओ दे दिस."

बाबूनं, म्हणजे नारायणनं, ओ दिली.

मी हातातल्या पेन्सिलीकडे पाहिलं. तिच्यावर माझ्या दातांचे वळ होते. ती तोंडात नसती तर मी काय म्हटलं असतं? लहानपणी म्हणायची तेच. आली वं आत्या.

घरी गेले तेव्हा बाबांना सगळं आधीच कळलं होतं. ते माग बंद करून दारात उभे होते. मी त्यांना हाकेचं सांगितलं, शब्द सांगितले. ते पायरीवर बसले.

"आवाज तिचाच होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तुले तिचा आवाज आठवत होता काय वं, इतक्या वर्षांनी?"

मी विचार केला. खरं सांगायचं तर नव्हता आठवत. आत्याचा चेहरा आठवायचा, तिचे हात आठवायचे. आवाज कधीच विसरले होते. त्या दुपारपर्यंत.



तेरवीला सर आणि मी एसटीनं नारायणच्या गावी गेलो. काटोलच्या पुढं दोन्ही बाजूंना बागा लागल्या. सर सबंध रस्ताभर खिडकीबाहेर पाहत बसले होते. गावात पोहोचलो तेव्हा पंगत उठली होती. त्याचे वडील मांडवात भिंतीला टेकून बसलेले, कोणी आलं-गेलं तरी नजर उचलत नव्हते. सर त्यांच्यापाशी बसले. मला बायकांनी आत नेलं.

नारायणची आई त्याच्यासारखीच उंच होती. रडून झालेलं होतं तिचं. तिनं मला शेजारी बसवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तू होती ना थ्याच्यासंग?"

"हो माय."

"मंग मले सांग. आखरीले थो काही बोलला का?"

मला वाटलं, आता हे कसं सांगू? पण मी काही म्हणायच्या आधी तीच पुढं म्हणाली –

"थ्या दिवशी दुपारी लाइन आली होती. मोटर चालू करून मी झाडाईच्या आळ्यायले पानी देऊन राहिली होती. न मांगून आवाज आला... आलो वं माय. मी त थ्याले हाकच नोती मारली, बापा! पन आवाज थ्याचाच. एकदम जवळून. मी वळून पाह्यलं. कोनी नाही. म्हनलं, आला असन न लपला असन, लहानपनी लपे तसा."

शेजारी तिची जाऊ बसली होती. ती म्हणाली, "मी घरी होती. आक्का धावत आल्या बगीच्यातून, पाय चिखलानं भरलेले. म्हने, नारू आला, ताट वाढ. मी म्हनलं, कुठं हाय? म्हने, येऊन राहिला मांगून. आमी ताट वाढलं. रस काढला आंब्याचा, थ्याले आवडे म्हनून. ताट तसंच राह्यलं. उन्हं उतरल्यावर जीप आली निरोप घेऊन."

इतवारीतलं मी अजून कोणाला सांगितलं नव्हतं – बाबा आणि फुलबासन सोडून. सरांनासुद्धा नारायणचे शब्द माहीत नव्हते. या गावात ते कळायची काही वाटच नव्हती.

मी म्हटलं, "माय, हेच म्हणाला तो. आलो वं माय. मी माझ्या कानांनी ऐकलं."

तिनं माझा हात घट्ट धरला. तिच्या तोंडावर एक क्षण काहीतरी उजळल्यासारखं झालं, म्हणजे लेकरू शेवटी आपल्यालाच आठवत होतं, असं. मग तिनं विचारलं, "कोनाकडं पाहून म्हनला? वरतं पाहून?"

मी काहीही सांगू शकले असते. पण ती माझ्या डोळ्यांत पाहत होती.

"नाही. खाली पाहून. विहिरीत."

तिनं हळूहळू माझा हात सोडला. आपल्या तळव्यांकडे पाहिलं. बाहेर कोणीतरी भांडी आवरत होतं.

"मंग थे मी नोती," ती म्हणाली. "मी बलावलं असतं त वरतं बलावलं असतं. लेकराले कोनी खाली बलावते का वं?"

तिची जाऊ तोंडाला पदर लावून उठून गेली.

तर, आता खुसपटं.

माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. त्यांचं म्हणणं असं, की मोठी माती पडण्याआधी आतून बारीक आवाज येतात, कुरकुर, कण्हल्यासारखे. कानाला ते कळतात, मनाला कळत नाहीत, आणि मन त्यांना ओळखीच्या आवाजाचं रूप देतं. वर उन्हाचा तडाखा, थकवा. प्रत्येकाला आपापलं माणूस ऐकू आलं, यात नवल नाही. मला हे पटतं. खरंच पटतं. आम्ही तिघी वाचलो ते आमच्या कानांमुळे, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं.

पण मग नारायणच्या आईला बागेत काय ऐकू आलं? तिथं तर माती हलत नव्हती. डॉक्टर म्हणतात, दुःखात माणूस मागाहून अशा आठवणी जुळवतो. असेल. पण ताट मागाहून वाढलेलं नव्हतं. निरोप यायच्या आधी ते वाढून झालं होतं, जावेनं स्वतःच्या हातानं वाढलं होतं.

आणि याहून मला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. आम्हाला ज्यानं वर बोलावलं आणि त्याला ज्यानं खाली बोलावलं, ते एकच होतं का? ते आम्हाला वाचवायला आलं होतं की आमच्यातून कोण ओ देतो ते पाहायला? फुलबासनला यात काही शंका नव्हती – तिच्या लेखी जो ओ देईल त्याला न्यायलाच ते आलं होतं. काम संपल्यावर ती गावी निघून गेली, पुन्हा भेटली नाही. मला मात्र अजून ठरवता आलेलं नाही. आत्याबद्दल तसा विचार करायला मन धजत नाही आणि तो सोडताही येत नाही.

विहीर पुन्हा कोणी उघडली नाही. खड्डा बुजवला, पाइप पलीकडून वळवून नेला, वर डांबर पडलं. त्याच दिवाळीला तिथं आकाशकंदिलांच्या हातगाड्या उभ्या होत्या. सरांनी तो विषय पुन्हा काढला नाही, मी काढला की ते चष्मा पुसायला लागत. मी संशोधनाचा नाद सोडला आणि शाळेत लागले.

नारायणच्या आईकडे मी जात राहिले. वर्षातून एखादी चक्कर, कधी तीही नाही. मी कोण लागत होते तिची, ते ना तिनं कधी विचारलं ना मी सांगितलं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माझ्या एक लक्षात आलं. घरात गडीमाणसं होती, पुतणे होते, बाग मोठी होती. पण ती कोणालाही हाक मारत नव्हती. कोणी हवं असलं की चालत जायची. बागेच्या पार शेवटच्या बांधापर्यंत जायची, त्या माणसाच्या खांद्याला हात लावायची आणि मग हळू आवाजात बोलायची. जाऊ म्हणाली, तेरवीपासून असंच आहे. गाय सुटून रस्त्यावर गेली तरी मागं धावत जातात, पण आवाज देत नाहीत.

तिचे पाय थकले तेव्हाही हे बदललं नाही.

शेवटची गेले ते थंडीचे दिवस होते. ऐंशीचं दशक उजाडलेलं. निघताना ती फाट्यापर्यंत सोडायला आली. एसटी आली, गर्दी होती, मी कशीबशी चढले आणि खिडकीपाशी जागा मिळाली. गाडी सुटली. कंडक्टरनं तिकिटाला हात पुढं केला तेव्हा लक्षात आलं, माझी शाल खांद्यावर नाही, फाट्यावरच्या पारावर राहिली. मी मागं वळून पाहिलं.

ती धुळीतून गाडीमागं धावत होती. त्या वयात, पायांत चप्पल नाही, एका हातानं लुगडं सावरत, दुसऱ्या हातात माझी शाल उंच धरून. गाडीचा वेग अजून फार नव्हता. एक हाक मारली असती तरी कोणी ना कोणी ऐकलं असतं, ड्रायव्हरनं थांबवली असती. ती माझ्याकडे पाहत होती, मी तिच्याकडे पाहत होते.

तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.